एकटं राहायला जागा होती कुठं?

रायगडाच्या रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. गडावर जाणारे बरेच लोक ही वाडी गाडीच्या काचेतूनच बघतात. पार्किंग, तिकीट, पाळणा आणि थेट वर. वर गाइड हिरकणीचा बुरूज दाखवतो आणि गोष्ट सांगतो. दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. मी महाडची, त्यामुळे शाळेच्या पहिल्या सहलीपासून ही गोष्ट ऐकत आले. ती आख्यायिका आहे, प्रबंधात पुरावा म्हणून मी ती वापरणार नाही. पण तिच्यातला व्यवहार अगदी ओळखीचा आहे. पायथ्याचं माणूस पोटासाठी राजधानीत जातं, आणि तिथले दरवाजे कधी बंद होणार हे त्याच्या हातात नसतं.

गेल्या मे महिन्यात मी त्या वाडीत गेले ती दुसऱ्या राजधानीबद्दल विचारायला, म्हणजे मुंबईबद्दल.

माझा पीएचडीचा विषय आहे महाड-पोलादपूर पट्ट्यातून मुंबईच्या कापडगिरण्यांत गेलेले कामगार. एम.एस्सी. मी संख्याशास्त्रात केलं, त्यामुळे सुरुवात अर्थातच जनगणनेच्या तक्त्यांनी झाली. पण खरं सांगायचं तर या विषयाकडे मी तक्त्यांमुळे वळले नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मुंबईत एका घरात कॉट बेसिसवर राहत होते. एका खोलीत चार मुली, प्रत्येकीच्या कानात हेडफोन. पहिले तीन महिने मी कॉलेजबाहेर कुणाशी सलग दहा वाक्यंही बोलले नसेन. रविवारी दादर स्टेशनच्या पुलावर नुसती उभी राहायचे, कारण तिथे गर्दी असायची. तेव्हा डोक्यात यायचं की शंभर वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातली अठरा-वीस वर्षांची पोरं या शहरात आली. फोन नाही, बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांचं काय होत असेल?

हाच प्रश्न मी वाडीतल्या एका आजोबांना विचारला. वय पंचाहत्तरच्या पुढे. १९६० च्या दशकाच्या शेवटी गिरणीत लागले, १९८२ च्या संपानंतर गावी परतले. (नाव देत नाही, मुलाखतीआधी तसं कबूल केलं होतं. तुम्ही मुलाखती घेणार असाल तर ही कबुली आधी द्या, नंतर नाही.) मी विचारलं, "आजोबा, मुंबईत एकटं वाटायचं का?"

ते हसले. "बाय, एकटं राहायला जागा होती कुठं?"

मला वाटलं, मिळालं उत्तर. प्रकरणाचं नावही डोक्यात तयार झालं. ते उत्तर अर्धंच होतं हे कळायला अजून एक तास जायचा होता. त्याआधी ती जागा काय होती ते सांगते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, १८५६ ला ताडदेवला तिचं काम सुरू झालं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. आमच्या भागात भाताचं एकच पीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि वर खोती. खोताचा वाटा गेला की दिवाळीनंतरचे महिने काढायचे कसे, हा दर वर्षीचा प्रश्न. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर, तोवर मुंबईची वाट चांगलीच मळली होती. ही वाट आधी पाण्याची होती. महाड-दासगावहून सावित्रीच्या खाडीने बाणकोटला, तिथून समुद्राने मुंबईला. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि त्याच वाटेने पैसे उलटे यायला लागले.

१९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया आहेत. शहरात जन्मलेले लोक पाचांत एकही भरत नव्हते. हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणजे शहराची निम्मी बाजू मागे गावात राहिली होती. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या, आणि २०११ च्या जनगणनेतही तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. आता गंमत बघा. २०११ ला रायगड जिल्ह्याचा आकडा आहे ९५९. एवढंच बघून कुणी म्हणेल की रायगडातून पुरुष बाहेर जातच नाहीत. पण या जिल्ह्यात पनवेल-उरणही आहे, जिथे बाहेरून कामाला माणसं येतात, आणि महाड-पोलादपूरही आहे, जिथून जातात. दोन उलट्या प्रवाहांची सरासरी काढली की दोन्ही दिसेनासे होतात. जिल्ह्याच्या आकड्यावर विसंबून मी माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात एक धडधडीत चुकीचं वाक्य लिहिलं होतं. सरांनी त्यावर फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. तालुक्याचा तक्ता उघडेपर्यंत ते कशाबद्दल आहे हे मला कळलं नव्हतं.

तर खोली. गिरणगावातल्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एखाद्या गावाने किंवा वाडीने मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. गावचा जो पुरुष मुंबईत येईल तो तिथे उतरणार. आजोबांच्या खोलीत अठ्ठावीस नावं होती. एका वेळी अठ्ठावीस माणसं झोपणं शक्यच नव्हतं, पण गिरणी पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचे सकाळी सातला गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच वळकट्यांच्या जागेवर आडवे. प्रत्येकाची पत्र्याची पेटी भिंतीला लावलेली, कपड्यांना दोरी, कोपऱ्यात देव. भाडं सगळ्यांत वाटून. गावी गेलेला माणूस तेवढ्या महिन्याचं भाडं देणार की नाही यावरून भांडणं, आणि त्या भांडणांसाठी महिन्याची बैठक. जेवण शेजारच्या खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे, चाळीतलीच एखादी बाई आपल्या चुलीवर दहा-पंधरा जणांचं रांधायची, पैसे पगाराच्या दिवशी. न जेवलेल्या वेळांचा खाडा धरायचा, त्याचाही हिशेब.

नोकरीही याच खोलीतून मिळायची. गिरणीत माणूस घ्यायचा तो जॉबर, आणि जॉबरपर्यंत पोचायचं तर ओळखीचं कुणी आत असावं लागे. आधी बदली कामगार म्हणून रोज सकाळी दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. महिन्यातले बारा दिवसच काम मिळालं तर बाकीचे दिवस खोली सांभाळून घ्यायची. आजारी पडलास तर कुणीतरी परळला केईएममध्ये घेऊन जाणार, आणि अगदीच झालं तर गावी पोचवणार. आमच्यासारख्यांना आज 'सपोर्ट सिस्टिम' असा शब्द वापरावा लागतो. त्यांच्याकडे त्याला 'खोली' म्हणत.

त्या काळच्या साहेबी अहवालांत या व्यवस्थेबद्दल तक्रारच जास्त दिसते. कामगार अर्धा शेतकरीच राहतो, भातकापणी आली की पळतो, त्याचं मन कारखान्यात नाही, वगैरे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात हे उलटं करून दाखवलं. गावाशी नातं हा कामगाराचा कच्चेपणा नव्हता, ती त्याची ताकद होती. १९२८ चा संप सहा महिने चालला. सहा महिने पगार नसताना माणूस तग धरतो कारण त्याला जायला गाव असतं आणि परत यायला खोली. १८९६ ला प्लेग आला तेव्हाही लोक असेच गावाकडे गेले आणि पुढे परतले. हा युक्तिवाद मला पहिल्यांदा वाचला तेव्हाच पटला होता. आजोबांची खोली ऐकून तो डोळ्यासमोर आला.

तशी खोली फक्त आमचीच नव्हती. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे मुंबईत 'कूड' होते, धोबीतलावच्या जेर महालात आजही त्यांच्या खुणा आहेत. गावागणिक वेगळा कूड, आत वेदी, आणि बोटीवर जाणारे-येणारे खलाशी त्यात उतरायचे. गाव वेगळं, देव वेगळा, हिशेबाची वही मात्र सारखीच. तुमच्यापैकी कुणाला स्थलांतरावर काम करायचं असेल तर खोली आणि कूड यांची तुलना हा एक चांगला विषय आहे. मी तो करत नाहीये, घ्या.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की केवढी माणुसकी होती. मलाही वाटलं. पण त्या दारातून आत कोण येऊ शकत होतं हे विचारल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. गावकीची खोली म्हणजे गावाची नव्हे, गावातल्या एका जातीची, बरेचदा एका भावकीची. गावात वस्त्या वेगळ्या, तशा चाळीतही वेगळ्या. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे मांडला.

आणि इथे महाड पुन्हा येतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, २० तारखेला लोक चवदार तळ्यावर गेले. हे आपण शाळेत शिकतो. कमी शिकतो ते हे, की त्या परिषदेमागे मुंबईत कष्ट करणाऱ्या कोकणातल्या माणसांचं जाळं होतं. परिषदेसाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे दासगावचे. मुंबई आणि महाड या दोन्हींत त्यांचा वावर होता, पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली ती परळच्या दामोदर हॉलमधल्या बैठकीतून. याच दामोदर हॉलमध्ये पुढे कितीतरी वर्षं कोकणातल्या कामगारांची नाटकं, नमन, शक्ती-तुऱ्याचे सामने रंगले. ज्यांना गावात एका पाणवठ्यावर येऊ दिलं जात नव्हतं ती माणसं मुंबईच्या एकाच भागात, एकाच सभागृहाच्या दारातून आत-बाहेर करत होती, वेगवेगळ्या दिवशी का होईना. शहरात जमलेली माणसं परत गावात गेली आणि त्यांनी गावाचा नियम मोडला. एकटेपणावर तोडगा म्हणून लोक जमतात आणि त्यातून असं काही उभं राहतं, हे मला या विषयातलं सर्वांत मोठं वाटतं. पण त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आता तो राहिलेला एक तास.

आजोबा बोलत होते तेव्हा आजी आत-बाहेर करत होत्या. रेकॉर्डर बंद करून मी चहा घेत होते तेव्हा त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना काय इचारतेस एकटं वाटायचं का? ह्यांच्याकडं अठ्ठावीस माणसं होती."

मी कप खाली ठेवला.

लग्न झालं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. नवरा वर्षातून दोनदा घरी, शिमग्याला आणि गणपतीला. सासू, दीर, लावणी, कापणी, गुरं. घरात माणसं होतीच, पण बोलायला कुणी नाही. मी विचारलं, पत्रं यायची ना? त्या म्हणाल्या, यायची. वाचायला मास्तरांकडं जावं लागायचं. मास्तर अंगणात बसून मोठ्यानं वाचायचे, सासरे ऐकायचे, शेजारीही असायचे. "मग त्यात काय लिवनार ते? 'सगळी खुशाल आहेत, बैल विकू नका.' आनि मी काय सांगणार उलटं? लिवणारे पण मास्तरच."

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी थोडी जागा असायची. तो निरोप पोस्टमन वाचून दाखवायचा, पैसे सासऱ्यांच्या हातात द्यायचा. म्हणजे नवरा-बायकोत जे काही कागदावरून गेलं ते चार माणसांच्या कानावरून गेलं.

मी दीड वर्ष कामगारांची पत्रं आणि आठवणी चाळत होते आणि माझ्या टिपणवहीत एक वाक्य होतं: 'पत्रांत एकटेपणाचा उल्लेख जवळजवळ नाही, त्यावरून सामूहिक जीवनाने तो भरून निघाला असावा.' आजींच्या त्या दोन वाक्यांनी माझं हे वाक्य गेलं. पत्रात एकटेपणा नाही कारण पत्र मोठ्यानं वाचलं जाणार होतं. कागद गप्प आहे याचा अर्थ माणूस गप्प होता असा लावण्याआधी, तो कागद कुणाच्या समोर उघडला जायचा हे विचारायला हवं होतं. आणि नमुना निवडतानाची चूक तर मी, संख्याशास्त्रवालीने, केलेली. एकटेपणाचा अभ्यास करायला निघाले आणि यादीत घेतले ते फक्त खोलीत राहिलेले पुरुष. ज्यांना जागा मिळाली त्यांनाच विचारलं की जागा होती का.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणावरच्या पुस्तकात एक फरक केला होता. एक एकटेपणा सामाजिक, म्हणजे आपल्या माणसांचा गोतावळा नसणं. दुसरा भावनिक, म्हणजे अगदी जवळचं एक माणूस नसणं. एक असला-नसला तरी दुसरा भरून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७८ ला लॉस एंजेलिसमध्ये वीस प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरल्या जातात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांवर आयोगच नेमला. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, नोट्सही काढल्या होत्या. पण वाइसचा फरक मला कळला तो त्या उंबऱ्यावर. खोलीने पहिला एकटेपणा घालवला. दुसरा तिने घालवला नाही, तो दोघांत वाटला गेला आणि मोठा वाटा गावात राहिला. आजोबांच्या उत्तरातही तो होता, मी ऐकला नव्हता. नंतर रेकॉर्डिंग परत ऐकलं तर "जागा होती कुठं" नंतर ते थोडं थांबून म्हणतात, "रडायला पण जागा नव्हती." माझ्याच हसण्याच्या आवाजात ते दबलंय.

खानावळवाल्या बायकांचं काय, हाही प्रश्न त्यातूनच आला. या बायका शहरात होत्या, दिवसभर माणसांच्या गराड्यात, सगळ्या गावांच्या पुरुषांना जेवू घालत. पण त्यांची स्वतःची खोली, म्हणजे त्या अर्थाची खोली, नव्हती. सावकाराकडून उचल, वाण्याकडे उधारी, आणि संप झाला की पहिली थकबाकी त्यांची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गावकीच्या खोल्यांनंतर शंभरेक वर्षांनी बायकांची 'खोली' झाली, आणि ती गावाच्या किंवा भावकीच्या नावावर नव्हती, कामाच्या नावावर होती. गिरणगावाच्या मौखिक इतिहासावर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं मोठं काम आहे, या बाजूने जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. मी तिथून न करता जनगणनेतून केली, त्याची किंमत दीड वर्ष.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लोक नेहमीसारखे गावी आले, या वेळी मात्र परत जायला गिरणी उरली नाही. आजोबा दोन वर्षं खोलीचा हिस्सा भरत राहिले, मग थांबले. परतल्यावर वाडीत त्यांचं मन लागत नव्हतं असं ते म्हणाले. पंधरा वर्षं अठ्ठावीस जणांत झोपलेल्या माणसाला घरातली शांतता झोपू देत नव्हती. एकटं वाटायचं का, या माझ्या प्रश्नाचं 'हो' असं उत्तर त्यांनी फक्त या काळाबद्दल दिलं. आजी मध्येच म्हणाल्या, "आनि मला वाटलं, आता तरी बोलतील."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो माझ्या प्रश्नावलीत नव्हता, आणि असता तरी तेव्हा विचारला नसता.

सध्या काम असं चालू आहे. प्रश्नावली बदलली. आता घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारते, आणि बायकांना आधी. 'एकटं वाटायचं का' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारते, पत्र आलं की कोण वाचायचं, ताप आला तर कुणाला सांगायचात, गणपतीला माणूस आला की पहिल्या दिवशी काय बोलायचात. नीतिमत्ता समितीकडे सुधारित अर्ज पाठवला, त्यात तीन महिने गेले. मुलाखतींचं वेळापत्रकही शेतीच्या हिशेबाने नव्याने मांडलं, कारण जूनमध्ये कुणाला बोलायला वेळ नसतो.

आजींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, लावणी आटपू दे, मग ये, आणि एकटीच ये, हे घरात नसतील तेव्हा.